व्हॉल्व्ह ट्यूबच्या आतला जोड

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की माझं डोकं फिरतं. कोल्हारच्या पुलावर ट्रॅक्टरांची रांग लागते, प्रत्येक ड्रायव्हर आपलं गाणं दुसऱ्याच्या गाण्यावर चढवून लावतो, आणि वारा फिरला की कारखान्याकडून मळीचा आंबूस-गोड वास येऊन घरभर बसतो. लोकांना या वासानं म्हणे बरं वाटतं. मी खिडकी लावून घेतो. शांता, माझी बायको, ती पुन्हा उघडते.

"आख्खा जलम त्याच कारखान्यात काढला, आन आता वास सोसंना व्हय?"

या वासाचं आणि माझं भांडण जुनं आहे, आणि ते कशावरून आहे हे मी तिला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही. दर वर्षी बॉयलर पेटला की ते नव्यानं सुरू होतं आणि धुराडं विझेपर्यंत चालतं.

बाहत्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या आधीचा तो हंगाम. पाऊस त्याही वर्षी हात आखडूनच पडला होता, पण पाटाच्या पाण्यावर ऊस उभा होता. तेव्हा ट्रॅक्टर कुठले? बैलगाड्या. सकाळी यार्डात शेकडो बैल एकदम नाकातून वाफ सोडत उभे असायचे आणि शेणाचा, बैलांपुढे टाकलेल्या वाढ्यांचा, ओल्या उसाचा वास एकमेकांत मिसळून गेलेला असायचा. धुराड्यातून जळक्या चिपाडाची काळी राख उडायची ती नेमकी आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर. शांता धुतलेली धोतरं परत धुवायची आणि कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आम्ही पत्र्याच्या चाळीत राहायचो. ती हंगामी लोकांची चाळ. पक्क्या घरांची लाइन पलीकडे, ती कायम लोकांची.

हा हंगामी-कायमचा फरक ज्याला माहीत नाही त्याला साखर कारखाना माहीत नाही. कायम माणूस बारा महिने कामावर. हंगामी माणूस धुराडं पेटलं की आत आणि विझलं की बाहेर. मी हंगामी वायरमन होतो, तिसरा हंगाम. हंगाम संपला की उरलेलं वर्ष थोरल्या भावाच्या दारात, वहिनीच्या भाकरीवर. ती भाकरी वाढायची मुकाट्यानं, पण परात अशी आपटायची की घास घशात अडकावा. त्या वर्षी शांताला दिवस गेले होते. त्या परातीपुढे तिला पुन्हा बसवायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि शेजारच्या खोलीत भास्कर. हाही हंगामी वायरमन. शांताच्या थोरल्या बहिणीचा, सुमनआक्काचा, नवरा, म्हणजे माझा साडू. दोन बहिणी एका घरात सुखानं वाढल्या म्हणून त्यांचे दोन नवरे एकमेकांना सोसतील, असं आमच्या सासऱ्यांना का वाटलं देव जाणे. त्यांनीच ओळख काढून दोघांना एका कारखान्यात चिकटवलं होतं.

आमचं बिनसलं ते धोंड्याच्या महिन्यात. अधिक महिना आला की जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही आमच्याकडची रीत. सासऱ्यांच्या घरी पाट दोनच. एक भास्करच्या बुडाखाली आणि दुसरा त्याच्या ताटाखाली. तो थोरला जावई. मला घडी घातलेली घोंगडी. माझ्या मनात होतं, निदान ताटाखालचा पाट तरी तो सरकवील. त्यानं तुपात बुचकळून अकरा धोंडे खाल्ले, मिशी पुसली आणि म्हणाला, "घोंगडीवर मऊ लागतं, नव्हं?" सगळे हसले. शांताही हसली. मी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यानंही टाकलं, कारण त्याच्यापाशीही अकडीची कमी नव्हती.

एका वर्कशॉपात काम करणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांशी बोलायचं नाही, हे वाटतं तितकं सोपं नाही. आम्ही टेबलावरच्या वाइसशी बोलायचो. लोखंड पकडायचा तो वाइस बिचारा दोघांचं ऐकून घ्यायचा. मी त्याला म्हणायचो, "पक्कड घेतली की जागेवर ठिवावी, एवढी अक्कल आसती काही लोकास्नी." भास्कर तिकडून त्यालाच सांगायचा, "पक्कड कुनाच्या बापाची न्हाई म्हनावं." लोक हसून बेजार व्हायचे. घरी मात्र दोघी बहिणी एकमेकींच्या चुलीवर कालवण ठेवत, एकमेकींच्या वेण्या घालत. त्यांना आमच्या वैराचं काही सोयरसुतक नव्हतं.

त्या हंगामात साहेबांनी बोटीचं खूळ काढलं. साहेब म्हणजे आमचे इलेक्ट्रिकल इंजिनियर, मूळ पुण्याचे. विलायतेत काही महिने शिकून आले होते आणि येताना एक खोकं घेऊन आले होते. त्यात लांब एरियलचा एक पत्र्याचा डबा होता. तो हातात धरून खटके हलवले की मध्ये कसलीही तार नसताना पाण्यातली बोट चालते, थांबते, वळते. रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचं यंत्र एवढंच आम्हाला ठाऊक. साहेबांनी सुताराकडून सागवानाची दीड हात लांब बोट करून घेतली, पांढरी रंगवली, आणि आत स्कूटरची बॅटरी, एक मोटर आणि साबणाच्या डबीएवढं ते विलायती यंत्र बसवायचं ठरवलं.

चालवायची कुठे, तर स्प्रे पाँडमध्ये. यंत्रांतून तापून आलेलं पाणी जिथे तोट्यांमधून कारंज्यासारखं उडवून गार करतात तो कारखान्याचा तलाव. जानेवारीच्या थंडीत त्याच्यावर सकाळभर वाफ तरंगायची. सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की चेअरमन, संचालक, आणि पंचक्रोशीतून आलेली माणसं यांच्यासमोर बोट त्या कारंज्यांतून न्यायची, असा साहेबांचा बेत. साधं तळं असतं तर गोष्ट वेगळी होती. इथे खालून ऊन पाणी, वरून ऊन पाण्याचा पाऊस, आणि मध्ये वाफ. तारेचा एक जोड ओला झाला की खेळ खलास.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "हंगाम संपल्यावर वायरमनची एक जागा कायम होणार आहे. नाव मी द्यायचंय. भास्कर, सगळे जोड तू सोल्डर करायचे. वसंत, त्यांचं इन्सुलेशन तुझं. मला दोघांचे हात बघू दे."

या माणसाचा मला अजून राग येतो. दोन वेगळी कामं देऊन दोघांना जोखायचं ना! आमचं वाकडं आहे हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं, यांना तेवढं दिसत नव्हतं. त्यांना बोट दिसत होती.

पण काम मला आवडलं. सायकलच्या व्हॉल्व्हवर जी बारीक रबरी नळी असते, ती व्हॉल्व्ह ट्यूब मी हातभर आणली. बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायचा, आत शंखजिऱ्याची पूड फुंकायची म्हणजे तो सरकतो, जोड होण्याआधीच तारेवर चढवून ठेवायचा, आणि जोड झाला की पितळी पिनेवर ओढून घ्यायचा. दोन्ही तोंडं मेण लावलेल्या दोऱ्यानं आवळायची. वरून, मोटर भरताना लावतात ती पिवळी एम्पायर टेप, अर्ध्यावर अर्धी चढवत. मग वॉर्निश, मग ऊन, पुन्हा वॉर्निश. नुसतं मेण थापून भागणार नाही हे मी आधीच बघून घेतलं होतं, तलावाच्या ऊन पाण्यात ते लोण्यासारखं मऊ पडायचं. दुपारी वर्कशॉपच्या दारात उन्हात बसून मी एकेक जोड गुंडाळायचो. बोटांना वॉर्निशचा वास, अंगावर थंडीतलं ऊन, समोरून जाणाऱ्या गाड्यांच्या घुंगरांचा आवाज. सांगायला लाज वाटते, पण त्या आठ-दहा दिवसांइतका सुखी मी पुढे कायम झाल्यावरही नव्हतो.

सगळ्यात मोठा जोड बॅटरीच्या कनेक्टरचा. भास्करनं तो करून टेबलावर ठेवला आणि जेवायला गेला. मी उचलून बघितला. सोल्डर नीट वितळून बसलं की चकाकतं. हा करडा दिसत होता. मी ओढून पाहिलं. तुटला नाही. पुन्हा जोर लावून ओढलं, तरी धरून होता. तरीही मला तो आवडेना. खरं सांगायचं तर भास्करच्या हातचं काहीच मला आवडलं नसतं. साहेबांना सांगावं, तर ते भास्करला पुन्हा करायला लावणार, आणि नवा जोड बघून त्यालाच शाबासकी देणार. वाइसला सांगून काही उपयोग नव्हता.

मी सोल्डरिंग आयर्न तापवलं, त्याचा जोड सोडवला आणि स्वतः करायला घेतला. विलायती तार, केसांसारख्या बारीक तारांची. सोल्डर धरेना. ते धरावं म्हणून राळ लावतात, ती लावली तरी नुसतं गोळे होऊन खाली पडायचं. हाताला घाई होती. भास्करच्याच बाजूला तेजाबाची बाटली होती, जस्त मारलेलं तेजाब, ते पितळेच्या जाड पट्ट्यांना, पत्र्याच्या डब्यांना सोल्डर मारताना लावतात. तारेच्या जोडाला ते लावायचं नसतं. वायरमनला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. चुकून लावलंच तर धुऊन, पुसून, पार कोरडं करायचं, नाहीतर ते तांब्याला खात बसतं. मी काडीनं एक थेंब लावला. चर्र झालं, नाकात तिखट धूर गेला आणि सोल्डर आरशासारखं पसरलं. भास्करला असा जोड जन्मात जमला नसता, असं मला वाटलं. तेवढ्यात बाहेर त्याच्या खोकल्याचा आवाज आला. मी ट्यूब ओढली, दोरा आवळला, टेप चढवली. धुतलं नाही.

नंतर बादलीत बुडवून, तपासणीचा दिवा जोडून, प्रत्येक जोड तपासला. एकातूनही करंट पाण्यात गळला नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. भास्कर वाइसकडे बघून म्हणाला, "जोड चांगले आसल्याव वरून काय बी गुंडाळा म्हनावं." मला हसू आलं. ते हसू आता आठवलं की अंगावर काटा येतो.

सव्वीस जानेवारीला तलावाभोवती जत्रा लोटली. झेंडा झाला, जिलेबी वाटून झाली. साहेब स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत डबा घेऊन काठावर उभे राहिले. बोट निघाली. मध्ये तार नाही, दोरी नाही, आणि ती डावीकडे वळते, उजवीकडे वळते! बायाबापड्यांनी तोंडावर पदर धरला. कुणीतरी हात जोडले. बोट कारंज्यांत शिरली, पांढऱ्या वाफेत दिसेनाशी झाली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. टाळ्यांचा असा गजर झाला की चेअरमनसाहेबही खुर्चीतून उठले. मी भास्करकडे बघितलं, तर तोही टाळ्या पिटत होता. त्या एका घटकेला आमच्यात काही वैर नव्हतं, असं मला आता वाटतं.

साहेबांना मोह झाला. त्यांनी ती पुन्हा आत घातली. या वेळी ती बाहेर आली नाही. कारंज्यांच्या बरोबर मध्ये उभी राहिली, वरून पाणी पडत राहिलं, आणि ती हळूहळू एका अंगावर कलली. साहेब खटके हलवत होते. गर्दीतून एकजण ओरडला, "सायबाची बोट आंगुळीला बसली रं!" सगळा तलाव हसला. तोट्या बंद करून, बांबूनं ओढून ती काढली तेव्हा चेअरमन निघून गेले होते.

टेबलावर साहेबांनी ब्लेडनं माझी गुंडाळी कापली. टेप कोरडी, ट्यूब कोरडी, पाण्याचा थेंब आत गेला नव्हता. आत मात्र सगळं हिरवं झालं होतं. तेजाबानं बारीक तारा कुरतडून टाकल्या होत्या. नुसता हात लावल्याबरोबर पिन गळून पडली.

"इन्सुलेशन उत्तम आहे," साहेब म्हणाले. "हा जोड कुणी केला?"

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात भास्करनं ते हिरवं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "माजाच जोड हाय, सायेब."

मी तोंड मिटलं.

मार्चअखेर धुराडं विझलं. मी कायम झालो. शांता पक्क्या घरात बाळंत झाली. भास्कर आणि आक्का पत्र्याच्या खोलीतलं सामान गाडीत भरून देवळाली प्रवऱ्याला गेले. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. ज्यांच्याकडे कायमची नोकरी होती त्यांनाच दुष्काळ थोडा लांबून दिसला. भास्कर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला आणि आक्का डोक्यावरून पाट्या वाहायला. शांता एकदा बहिणीला भेटून आली आणि दोन दिवस जेवली नाही.

मला वाटलं, भास्करला सगळं कळलेलं आहे. ती नजर मी विसरलो नव्हतो. त्यानं तेजाब ओळखलं, माझा हात ओळखला, आणि मुद्दाम दोष अंगावर घेतला, का तर मला जन्मभर त्याच्या उपकाराखाली दाबून ठेवावं. घोंगडीवर बसवण्यापेक्षा हे वाईट. आधी मी त्याचा नुसता राग करायचो, आता द्वेष करायला लागलो. तोही बदलला. स्वतःहून बोलायला लागला, आणि बोलायचा ते खालच्या आवाजात. लग्नाकार्यात मी दिसलो की उठून खुर्ची द्यायचा. "बसा साडूभाऊ. तुमी कायमचे." मला तो शब्द टाचणीसारखा लागायचा. त्याच्या घरी पंखा बिघडला तर म्हणायचा, "तुमीच बगा. तुमचा हात चांगला." मी पंखा न बघता उठून यायचो. त्यानं पुढे पिठाची गिरणी टाकली. तिच्या मोटरची साधी वायर निघाली तरी तो बाहेरून वायरमन बोलवायचा. मी चारचौघांत त्याची टर उडवायचो, "सोताची मोटर जोडता येईना आन हे म्हनं वायरमन हुते!" लोक हसायचे, आणि मला अकरा धोंड्यांचं उट्टं काढल्यासारखं वाटायचं.

या वर्षी दिवाळीनंतर आक्काचे गुडघे धरले म्हणून शांता आठवडाभर देवळालीला राहून आली. परत आली त्या दिवशी पहिली ट्रॉली पुलावरून गेली. मी नेहमीप्रमाणे खिडकी लावली आणि नेहमीप्रमाणे भास्करच्या गिरणीवरून काहीतरी बोललो.

"नका हसू," ती म्हणाली. "आक्कानं सांगितलं मला. त्या बोटीपासून त्यांनी करंटाच्या कामाला हातच लावला न्हाई."

"का?"

"म्हनत्यात, राळंच्या जागी तेजाबात काडी बुडवली आपन, आन ध्यानच ऱ्हायलं न्हाई. ज्याच्या हाताला एवढं कळत न्हाई त्यानं इजंच्या नादी लागू नये, उंद्या कुनाचा जीव जायचा. ल्योक वायरमन व्हायचं म्हनला तर त्याला बी न्हाई हू दिला."

तेजाबाची बाटली त्याच्याच बाजूला असायची. त्याला आपली चूक वाटली, यात नवल काय होतं? तरी पन्नास वर्षांत माझ्या मनात हे आलं नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, ऐकल्यावर मला आधी रागच आला. ज्याच्याशी मी इतकी वर्षं लढत होतो तो माणूस त्या जागी नव्हताच. खुर्ची देणारा खरोखर मान देत होता. दुसऱ्या दिवशी देवळालीच्या एसटीत बसलो.

गिरणी बंद होती. भास्कर ओट्यावर पाय सोडून बसला होता. "या साडूभाऊ," तो म्हणाला, "आज वाट वाकडी केली?" मी त्याच्याशेजारी टेकलो आणि एका दमात सांगून टाकलं. "बोटीतला तो जोड तुजा नव्हता. तुजा मी सोडवला. तेजाब मी लावलं."

त्यानं तोंड रस्त्याकडे फिरवलं. मग म्हणाला, "आन धुतलं न्हाई?"

"न्हाई."

"का?"

"तू येत हुतास."

त्यानं मान हलवली. जसं काही एवढंच विचारायचं राहिलं होतं. मग त्यानं दोन्ही हात पुढे धरले, उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले.

"माजा जोड कसा हुता?"

"करडा हुता. पन धरून हुता. दोनदा वडला मी. तुटला न्हाई."

"न्हाई तुटला?"

"न्हाई."

त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता हा माझ्या खांद्यावर हात ठेवील. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"इतकी वर्सं मी ह्या हातांवर डूख धरून हुतो वसंता," तो म्हणाला. "आता तुज्यावर धरायची म्हनलं तर माजे दिस किती उरलेत?"

आत भांड्यांचा आवाज झाला तसा तो दाराकडे वळून ओरडला, "सुमन, चहा टाकू नको. ह्यो निगालाय."

मी अजून उठलोही नव्हतो.